सूर्योदयातला सू

मंडळी, आज पहाटे शेजारच्या गणेशला उठवून दौलताबादला किल्ल्याचा फोटो काढायला गेलो. मी ट्रायपॉड लावून तिसऱ्यांदा लेन्स पुसत होतो, तेवढ्यात धुकं फाटलं, किल्ल्यावर ऊन पडलं आणि मिनिटभरात गेलंही. गणेशनं चहा पिता पिता ते मोबाईलवर टिपलं.

दुपारी त्यानं तो फोटो इथं टाकला, वर लिहिलं 'सुर्योदय'. तुम्ही सगळ्यांनी कौतुक केलं आणि माझ्या पोटात दुखलं. फोटोत चूक सापडेना, म्हणून मी खाली लिहिलं, "सू दीर्घ असतो."

लगेच उत्तर आलं, "व्हय गुरुजी, केलं दुरुस्त. तू उठवलं नसतं तर मी झोपूनच राहिलो असतो."

'फोटो लई भारी आहे' एवढं लिहायला माझा हात अजून धजत नाही. तुमचं असं होतं का कधी?