माय पडली नव्हती

आमच्या गावच्या, उंद्रीच्या स्टँडवर माय मला पुण्याच्या गाडीत बसवायला आली, तेव्हा तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. "ओसरीवरून पडली मी. तू जाय," एवढंच म्हणाली. मी सहा वर्षं दवाखान्यात नर्स होते. पडणारं माणूस हात टेकतं, त्याचं मनगट मोडतं. मायचं हाड मनगट आणि कोपराच्या मधोमध मोडलं होतं. डोक्यावर येणारी काठी हातावर झेलली की तिथं मोडतं. आदल्या दिवशी बाबा माझे शिक्षणाचे कागद चुलीत घालायला निघाले होते. मी ड्युटीवर, आडवी यायला घरी एकटी माय. सगळं कळत असून मी गाडीत बसले.

पुण्यात नर्सिंगची पीएच.डी. सुरू झाली. विषय, वॉर्डात नर्सना होणारी मारहाण. पहिलं वर्ष मुलाखत घ्यायला शिकण्यातच गेलं. समोरचीच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत. ती गप्प झाली की आपणही गप्प बसायचं. मी 'का'ऐवजी 'काऊन' म्हटलं की सोबतच्या पोरी हसायच्या. हसा म्हटलं, मला काय.

सरावाच्या मुलाखतीत एक सिस्टर म्हणाली, "पायरीवरून पडले." मी 'अपघात' लिहून मोकळी झाले. तिनंच आणलेला एक्स-रे मार्गदर्शक मॅडमनी माझ्यापुढे सरकवला. "तू नर्स आहेस ना? मग हे काय लिहिलंस?" तेच हाड, तीच जागा. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

सुट्टीत घरी गेले. बाबा शेतात होते. मायला विचारलं, हात कसा मोडला, आणि शिकवल्यासारखी गप्प बसले. दोघींचा चहा निवून गेला.

"तुह्या बापानं काठी हाणली," ती म्हणाली. "तुले तं तवाच समजलं होतं. मंग काऊन गेली?"

"तू जाय म्हणाली म्हणून."

"मी पडली बी म्हणलं होतं."

त्याच दुपारी तिला घेऊन निघाले. फाट्यावर बाबांनी गाठलं, केस धरून मला रस्त्यावर आपटलं. माय त्याच मोडलेल्या हातानं त्यांची मूठ सोडवत राहिली. शेवटी त्यांच्या मनगटाला चावली, तेव्हा मूठ सुटली.

गावातल्या बायांनो, तुम्ही म्हणता पोरगी शिकून माजली. माजले. आता घर म्हणजे पुण्यातली एक खोली. मायचा हात वाकडाच जुळलाय. शेजारणीनं काय झालं विचारलं, तर ती मेथी निवडता निवडता सांगते, "नवऱ्यानं मोडला."