तीन ताऱ्यांची रायफल

आमच्या घरात वस्तू नुसती विकत घेतली जात नाही, आधी तिची चौकशी होते. मिक्सर घेताना मी सहा आठवडे वाचन केलं होतं. गादीच्या वेळी तर बायको म्हणाली, तुझं वाचून होईपर्यंत मी जमिनीवर झोपूनच म्हातारी होईन. पण वस्तू वापरलेल्या लोकांची मतं वाचल्याशिवाय माझा हात खिशात जात नाही, त्याला मी काय करू? त्यामुळे पंचावन्नाव्या वर्षी हरणाच्या शिकारीसाठी रायफल घ्यायची वेळ आली तेव्हा मी पहिलं काम काय केलं असेल, ते सांगायला नको.

खरं तर शिकार हा माझा प्रांत नव्हे. आयुष्यात मी झुरळाशिवाय काही मारलेलं नाही, आणि तेही चपलेने, दुसऱ्या प्रयत्नात. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिल गावच्या आमच्या कॉलनीत माझी ख्याती आहे ती गवत वेळेवर कापणारा गृहस्थ म्हणून. या भानगडीला कारण झाली माझी मुलगी.

ती इथेच जन्मली, इथेच वाढली आणि घरापासून दहा मिनिटांवर कॉम्प्युटरची उत्तम नोकरी करत होती. दीड वर्षापूर्वी ती नोकरी सोडून ती राज्याच्या वन्यजीव खात्यात गेली, पार डोंगराकडे, चार तास लांब. तिथे ती अस्वलं मोजते आणि हरणांच्या तब्येती बघते. तेव्हा मी फोनवर बोलून गेलो की जंगलातच राहायचं होतं तर आम्ही सातासमुद्रापार आलो कशाला. त्यानंतर तिचे फोन आईलाच यायला लागले आणि माझ्या वाट्याला 'बाबांना हाय सांग' एवढंच उरलं. मला त्याचा फार त्रास व्हायचा. पण आपण होऊन फोन करणं म्हणजे चूक कबूल करणं, आणि ती सवय मला कधीच नव्हती.

ऑगस्टमध्ये एकदा तिने आईला सांगून फोन माझ्याकडे द्यायला लावला. म्हणाली, "बाबा, नोव्हेंबरमध्ये माझ्याबरोबर डिअर हंटिंगला येशील? यू डोन्ट हॅव टू."

मी इतक्या पटकन हो म्हणालो की बायकोने लाटणं थांबवून माझ्याकडे बघितलं. मुलगी म्हणाली की तिच्या ओळखीत कुणाची तरी जादा रायफल मिळेल. मी नको म्हणालो. उसनं हत्यार घेऊन पाहुण्यासारखं जायचं नव्हतं मला. एवढ्या दिवसांनी पोरीने दार किलकिलं केलं होतं. यात मी काही घोळ घातला असता तर ते पुन्हा उघडलं नसतं, याची मला पक्की खात्री होती.

मग तिने एक स्वस्तातली, साधी बोल्टवाली रायफल सुचवली. बोल्ट म्हणजे जुन्या दाराच्या कडीसारखा प्रकार. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलली की काडतूस आत जातं, आणि दांडी खाली पाडली की दार बंद. प्रत्येक गोळीला हे सगळं नव्याने. मला ते आवडलं. विचार करायला वेळ मिळतो.

आणि मी वाचायला बसलो. जेवणाच्या सुट्टीत वाचलं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून वाचलं. एकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'अजून उघडलेली नाही, पण खोका मजबूत आहे.' दुसऱ्याने एकच तारा दिला होता, कारण दस्ता प्लास्टिकचा आहे आणि हातात घेतल्यावर पोरांचं खेळणं वाटतं. त्याच मतात खाली या खेळण्याने त्याने चार हरणं पाडल्याचं लिहिलं होतं. एकाची आजोबांची अक्रोडाच्या लाकडाची रायफल कपाटात होती, ती तो फक्त पुसायचा आणि पावसात ही नवी न्यायचा, कारण 'ही भिजली तरी मला झोप लागते.' एका बाईने स्वतःसाठी घेतली होती, आता ती नवराच वापरतो आणि तिला नवऱ्यासाठी वेगळे तारे द्यायचे होते. बोल्ट सुरुवातीला खरखरतो यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. एक जण तो सैल व्हावा म्हणून रिकामी रायफल घेऊन टीव्हीसमोर बोल्ट मागेपुढे करत बसायचा, त्याला कंटाळून बायको माहेरी गेली होती. तीन महिन्यांनी त्याने जोडलं होतं की बोल्ट आता लोण्यासारखा चालतो आणि बायकोही परत आली आहे.

दर दुसऱ्या मतात एक वाक्य ठरलेलं होतं: 'या किमतीत आणखी काय हवं?' ते वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतून उठताना माझे काका नेमकं हेच म्हणत.

माझा स्वतःचा एक सिद्धान्त आहे. पाच तारे देणारे भाबडे असतात, एक तारा देणारे भांडखोर. खरा माणूस तीन देतो. म्हणून मी फक्त तीन ताऱ्यांची मतं वेगळी काढली आणि त्यांचा तक्ता केला. त्यात बोल्ट, चाप, दस्ता, दुर्बीण असे रकाने होते आणि शेवटचा रकाना होता 'लिहिणाऱ्याचा स्वभाव'.

तरी समाधान होईना. आपल्यापैकी कुणाचं मत मिळावं म्हणून मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं. या ग्रुपवर चांगला हिंग कुठे मिळतो असं विचारलं तरी दिवसभर रणधुमाळी चालते. रायफलचं विचारल्यावर सगळे चिडीचूप. तासाभराने एका नागपूरकरांचा खासगीत निरोप आला, "भाऊ, माझ्यापाशी हेच मॉडेल आहे. पण ग्रुपवर काहून विचारून राहिला तू? माझ्या बायकोले वाटते मी गोल्फले जातो."

या गोल्फवाल्या गृहस्थांनीच मला दुकानात नेलं, नेमबाजीच्या मैदानावर नेलं आणि माझ्या गोळ्या कागदावर लागायला लागेपर्यंत तीन शनिवार खर्च केले. त्यांचं मत एका ओळीचं होतं: वस्तू बेस आहे, फक्त साफ ठेवत जा. मी ते तक्त्यात नोंदवलं आणि विसरलो.

शिकारीच्या परवान्याआधी एक कोर्स करावा लागतो. तो मी पहिल्या नंबराने पास झालो. त्यातला एक नियम मी पाठच करून टाकला: रायफल खाली ठेवताना ती रिकामी आहे हे कुणालाही दिसलं पाहिजे, म्हणजे काडतूस जिथून आत जातं ती वरची खाच उघडी हवी. बायकोने याच्यावर आपला एक नियम चढवला. बोल्ट काढून तिच्या साड्यांच्या कपाटात, कुलपात, आणि किल्ली तिच्याकडे. घरात हत्यार राहील, पण अर्धंच, असं तिने बजावलं.

ऑक्टोबरमध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची आपली पद्धत. इतकी वर्षं आमच्या पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, बायकोची कात्री आणि नळदुरुस्तीचा एक पाना यांचीच वर्णी लागायची. लॅपटॉपला हळदकुंकू वाहताना क्षत्रियत्वाची भावना काही जागी होत नाही. यंदा प्रथमच पाटावर खरं हत्यार आलं आणि मला उगाचच छाती फुगल्यासारखी वाटली. कोर्सच्या नियमाप्रमाणे रायफल उघड्या खाचेने ठेवली, बोल्ट शेजारी वाटीत. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला आणि कुंकवात भिजवलेल्या ओल्या अक्षता टाकल्या, जरा सढळ हातानेच. बायकोने लाडवाचा नैवेद्य दाखवला. दुसऱ्या दिवशी फडक्याने रायफल लख्ख पुसून मी पेटीत ठेवली. पुसली ती बाहेरून.

नोव्हेंबरात मी डोंगरात पोचलो. मुलीने मला भडक नारंगी जाकीट घातलं, पहाटे चढाला लावलं आणि एका झाडावरच्या मचाणात नेऊन बसवलं. मी बोल्ट चढवला, काडतुसं भरली, पण बोल्ट मागेच ठेवला, कारण गरज पडेपर्यंत नळीत काडतूस नको. हे बघून तिने मान हलवून शाबासकी दिली. मी इतका खूश झालो की खिशातून चकली काढली. तिने चकलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चकली कागदात परत गेली.

आम्ही तीन तास न बोलता बसलो. दीड वर्ष आम्ही बोललो नव्हतो ते वेगळं आणि हे वेगळं. थंडीने माझे पाय बधिर झाले होते, पण मला तिथून उठायचं नव्हतं.

मग समोर मोकळ्या जागेत एक नर आला, चांगला भरलेल्या शिंगांचा. तिने माझ्या कोपराला बोट लावलं. पहिला मान माझा. मला ते हरीण मारायचंच होतं असं मी म्हणणार नाही. मला फक्त मुलीसमोर नापास व्हायचं नव्हतं. मी बोल्ट पुढे ढकलला. तो गेला. दांडी खाली दाबली. ती काही जाईना. आणखी जोर लावला तेव्हा आतून कर्र असा आवाज झाला. हरणाने मान वर करून आमच्याकडे बघितलं, वरच्या मजल्यावर भांडं पडल्यावर शेजारी बघतो तसं, आणि शांतपणे झाडीत निघून गेलं.

मी हळूच म्हणालो की हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. तिने काडतुसं काढायला लावली आणि आम्ही खाली उतरलो. गाडीपर्यंतच्या वाटेवर मी मनातल्या मनात परतीचे चार तास मोजत होतो. संपलं, आता पुन्हा 'बाबांना हाय सांग'.

गाडीच्या मागच्या फळीवर तिने माझी रायफल ठेवली, बोल्ट काढला, टॉर्च मारला आणि बारीक ब्रशने आत कोरायला लागली. थोड्या वेळाने तिच्या तळहातावर एक चिरडलेला, लालभडक, दगडासारखा कडक कण पडला.

"बाबा, इज धिस राइस?"

मी सगळं सांगितलं. पाट, झेंडू, अक्षता, उघडी खाच, लाडू. सरकारी खात्यातली बाई आहे, आता चांगली हजेरी घेईल म्हणून मी तयारीत उभा राहिलो. ती हसलीही नाही. तिने त्या कणाकडे बघितलं आणि मग मागच्या सीटवर ठेवलेल्या स्वतःच्या रायफलकडे बघितलं.

"आणि माझी? माझीची केलीस पूजा?"

मी म्हणायला लागलो की अगं तुझी इथे, चार तास लांब, कशी करणार. आणि बोलता बोलता थांबलो. तिच्याकडे रायफल आहे की नाही हेही मी दीड वर्षात विचारलं नव्हतं. तिचं घर मी पहिल्यांदा बघितलं ते आदल्या संध्याकाळी. दरवर्षी पाटावर माझी हत्यारं होती, तिच्या आईची होती, आणि तिच्या कामाचं काही तिथे असायला हवं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"नाही केली," मी म्हणालो. "चुकलं माझं."

तिने बराच वेळ रायफलच साफ केली. आधीच साफ झालेला भाग तिने पुन्हा एकदा पुसला, मग नाक पुसलं.

"नेक्स्ट इयर मी येते घेऊन," ती म्हणाली. "दोन्ही ठेवू. पण अक्षता मी टाकणार. यू आर नॉट अलाउड."