अंतराचा रकाना

काही माणसांना माफ करायचं नाही, असं मी ठरवून टाकलेलं आहे. आमच्या गावचा ग्रामसेवक त्यांतला पहिला.

पालीच्या पुढे कातळाच्या उघड्या सड्यावर आमची वाडी. गावच्या विहिरीला आम्हाला हात लावायची बंदी, म्हणून बायका खालच्या झऱ्यावरून पाणी आणत. वाडीला विहीर द्या, असा अर्ज घेऊन आई ग्रामसेवकाकडे जायची. तो गावातलाच, घरामागे त्याची हापूसची कलमं. अर्जाकडे बघायच्या आधी म्हणायचा, "आलीच आहेस तर कलमांना चार कळश्या घाल." आई पऱ्यातून, म्हणजे बागेखालच्या ओढ्यातून, पाणी आणून घालायची. मी आठ वर्षांची, बांधावर उभी राहून बघायची. चाराच्या दहा व्हायच्या आणि अर्ज उद्यावर जायचा.

ऐंशीनंतर गरिबांसाठी योजनांवर योजना आल्या. त्या खरोखर पोचल्या का, हे बघणाऱ्या रत्नागिरीच्या पथकात मी नोकरीला होते. एका यादीत आमचं गाव दिसलं: 'वाडीसाठी विहीर, काम पूर्ण.' लग्नाने आडनाव बदललं होतं. ते माझं माहेर आहे, हे मी साहेबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं.

ग्रामसेवक अजून तोच होता. त्याने मला ओळखलं नाही. "या बाईसाहेब," म्हणत विहीर दाखवायला नेलं ते थेट स्वतःच्या कलमांत. चिऱ्यांनी बांधलेली, रहाट बसवलेली. "वाडीवाले इथनंच नेतात," तो जराही न लाजता म्हणाला.

आमच्या तक्त्यात एक रकाना होता: लाभार्थींच्या घरापासून अंतर. एरवी तो आम्ही कुणाच्या तरी पडवीत चहा पिता पिता अंदाजाने भरायचो. त्या दिवशी मी म्हटलं, "भरलेली कळशी घेऊन जायला किती वेळ लागतो, तेही लिहायचंय. तुम्हीच दाखवा." असला काही रकाना नव्हताच.

"गड्याला हाक मारतो."

"नको. पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही तुमची आहे."

मे महिन्याची दुपार. सडा नुसता भाजत होता. कळशी कधी या खांद्यावर, कधी त्या. अर्धं पाणी त्याच्या सदऱ्यावर. तो थांबला की मी घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "चला." मला इतकं बरं वाटत होतं की ऊन लागतच नव्हतं.

वाडीत बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणी ओळख दाखवू नका, असा निरोप मी आईकडे आधीच धाडला होता. त्याने कळशी तिच्याच अंगणात टेकवली. धापा टाकणारा माणूस बघून आईने गूळ आणि तांब्याभर पाणी पुढे केलं. त्याने मान हलवली. जीव जायची वेळ आली, तरी आमच्या घरचं पाणी त्याला चालेना. त्याला सोडायचा नाही, हे तिथंच पक्कं झालं.

साहेब जीपने येऊन फणसाखाली बसले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "जागा चुकली, काम अपूर्ण, असं लिहा. पुढच्या वर्षी इथे दुसरी विहीर मंजूर करून घेता येईल. अपहार लिहिलात तर चौकशी लागेल, आणि ती संपेपर्यंत वाडीला काही मिळणार नाही. चौकश्या लवकर संपत नसतात."

घरामागे आईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अपुरी लिव्ह गो बाय. त्याचा काय ता देव बघंल. आमाला पाणी पायजे."

मी परत आले आणि शेऱ्यात लिहिलं: अपहार.

चौकशी चार उन्हाळे चालली. वाडीतल्या बायका चारही उन्हाळे झऱ्यावर गेल्या. शेवटी ग्रामसेवक बडतर्फ झाल्याची बातमी आली, तेव्हा मी मांडवीहून पावशेर पेढे घेतले आणि पहिली एसटी पकडून माहेरी गेले. पुडा उघडून आईपुढे धरला. आजही त्या माणसाचं वाटोळं आठवलं की मला बरंच वाटतं, खोटं कशाला बोलू? आईने पुड्याकडे पाहिलं, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "खा तू. मी पाण्याला जातंय."