मंगलमावशी खरंच हार्ट अटॅकने गेली

मंगलमावशी काल हार्ट अटॅकने गेली.

खरोखरच्या हार्ट अटॅकने.

हे दोनदा सांगावं लागतंय, कारण सकाळपासून ज्याला ज्याला फोन केला, तो हळू आवाजात म्हणाला, "अटॅक... म्हणजे तेच ना?"

नाही हो. तेच नाही.

एचआयव्हीवाल्यांसाठी काम करणाऱ्या आमच्या नांदेडच्या संस्थेत "अटॅक" हा शब्द फार बदनाम आहे. घरातलं माणूस एचआयव्हीने गेलं की घरचे गावाला अटॅक सांगतात. पेपरात "अल्पशा आजाराने" छापून येतं.

मावशी पेपर बाजूला टाकून म्हणायची, "अल्पसा? इतकी वर्षं गोळ्या गिळून राहिलो आम्ही, आन् ह्यांना अल्पसा?"

आणि तिलाच खराखुरा अटॅक यावा! इतका राग येतोय ना. कुणावर, ते कळत नाही.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा एचआयव्हीने गेला, सासरच्यांनी हिला बाहेर काढलं. ती लोह्याजवळ माहेरी, भावाकडे आली. तिथून आमच्या संस्थेत.

आमचं वर्षाचं काम ठरलेलं. जूनमध्ये पोरांची दप्तरं, वह्या, फी. बारा महिने गोळ्यांसाठी लांबून येणाऱ्यांचं गाडीभाडं. डिसेंबरात एड्स दिनाचा मोठा कार्यक्रम.

आणि भांडणं. भांडणांचं खातं मावशीचं. त्याला बजेट लागत नसे.

किनवटकडच्या एका हॉस्टेलात आमच्या एका पोरीचं ताट वेगळं ठेवलं होतं. मी अर्ज टाइप करत बसले. मावशी सरळ जेवणाच्या हॉलमध्ये गेली, त्याच ताटात भाकरी-वरण वाढून घेतलं आणि वॉर्डनबाईंना म्हणाली, "बसा की बाई. लई चवदार हाय."

दुसऱ्या दिवसापासून ताटं एकत्र घासली जाऊ लागली. माझा अर्ज ड्राफ्टमध्येच राहिला.

दर मीटिंगला तिचं भाषण एवढंच असायचं.

"मी मंगल. मला एचआयव्ही हाय. जेवलात का समदे?"

नवीन आलेली, तोंडाला स्कार्फ गुंडाळून मागे बसलेली बाईसुद्धा हसायची. मग हळूच स्कार्फ खाली यायचा.

गोळी तिने कधी चुकवली नाही. रिपोर्टात व्हायरस दिसायचासुद्धा नाही. आजाराला जिंकून बसलेली बाई, आणि हृदयाने दगा दिला.

काल लोह्याला पोचले तेव्हा अंगणात गर्दी होती, पण मावशीभोवती मोकळी जागा होती. समजून घ्या.

मावशीची भावजय रडत सांगत होती, "ताट वाढून घेतलं होतं हो. घास तोंडात गेला न्हाई."

दादा, म्हणजे मावशीचा भाऊ, मला बाजूला घेऊन गेला.

"ताई, तुमी फेसबुकवर लिवताल. अटॅकच लिवा. बाकी कायबी नगा लिवू. रेणूची सोयरीक चालू हाय. पाव्हणे रविवारी येनार हायत."

रेणू म्हणजे रेणुका, त्याची मुलगी. मावशीची भाची.

दादा वाईट माणूस नाही. सासरने टाकलेल्या बहिणीला ह्याच माणसाने घरात घेतलं होतं.

आणि अटॅक हे तर खरंच होतं. पण तेवढंच लिहिलं तर गाव डोळा मारणार. एचआयव्ही लिहिलं तर म्हणणार, बघा, शेवटी त्यानेच गेली. आयुष्यभर खरं बोललेल्या बाईबद्दल खरं लिहायची सोयच उरली नाही. मी अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

आंघोळीचं पाणी तापलं. बायका जागच्या हलेनात.

एकीने मला विचारलं, "म्याडम, हातमोजे आणलेत का?"

होते. गाडीत आख्खा बॉक्स होता.

"नाहीत," मी म्हणाले. "हात लावून होत नाही हा आजार. किती वर्षं सांगतोय आम्ही." माझा आवाज चढला. आणि मी बाह्या वर केल्या.

तेवढ्यात रेणुका घरातून आली. ओढणी कमरेला खोचलेली. तांब्या तिने आधी उचलला.

तिची आई दबक्या आवाजात म्हणाली, "रेणे, पाव्हण्यांच्या कानावर जाईल."

"जाऊ दे की. ल्हानपणी मला आत्याच न्हाऊ घालायची. तवा कुणी हातमोजे मागितले होते का?"

तिने आत्याचे केस मोकळे केले, पाणी घातलं. दुसऱ्या बाजूने मी. थोड्या वेळाने भावजय आली, पाय चोळायला बसली. रडत होती, पण नीट चोळत होती.

निघताना रेणुका गाडीपर्यंत आली.

"ताई, आत्याला एचआयव्ही होता आन् ती अटॅकनं गेली. दोन्ही लिवा. पप्पांशी मी बोलले."

"आणि रविवार?"

"आलेच तर मीच सांगनार हाय. न्हाई आले तर आत्यानं पाव्हण्यांच्या शिऱ्याला रवा आणून ठिवलाय, तो शिरा आपनच खाऊ."

डोळे भरलेले, आणि वर हसत होती. अगदी मावशीसारखी.

दादा दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. हो म्हणून, की हताश होऊन, मला अजून कळलेलं नाही. रात्री मात्र त्याचा मेसेज आला. मावशीचा एक फोटो, डिसेंबरच्या कार्यक्रमातला, हातात माईक. खाली लिहिलेलं, "हा टाका."

तो टाकतेय.

ही मंगल. हिला एचआयव्ही होता. ही हार्ट अटॅकने गेली.

मावशी, मनापासून श्रद्धांजली गं.

आम्ही जेवलो. रेणूने बळंच बसवलं सगळ्यांना.

तूच तेवढी उपाशी गेलीस.