चौथा फिल्टर

छापखान्यातला मशीनमन कुठलंही यंत्र नुसत्या कानाने तपासत नसे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून निदान सांगायचं. पस्तीस वर्षांच्या त्या धडधडाटात दुसरा इलाजच नव्हता. निवृत्त झाला तरी खोड सुटली नाही. घरातला पंखा कुरकुरला की स्वारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर.

कमी ऐकू येतं, असं मात्र त्याला कोणी म्हणायची सोय नव्हती. "लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

बायको मोठ्या दुखण्यातून उठली होती. उठली म्हणजे काय, उशीला टेकून बसायला लागली. झोप मिळाली नाही तर पुन्हा दवाखान्यात आणावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि तिच्या उशाशीच दोन लाल माशांची काचपेटी. दिवसभर आईला बघायला काहीतरी असावं म्हणून मुलीने दिलेली. पेटी दुसरीकडे हलवायचं नाव काढलं की बायकोचे डोळे भरून यायचे. फिल्टर बंद ठेवावा, तर एवढ्याशा पाण्यात मासे तग धरणार नाहीत, असं दुकानदार म्हणाला.

पहिल्या फिल्टरचं पाणी वरून पडायचं. "नळ उघडा राहिल्यासारखं वाटतं हो," बायको म्हणाली. दुसरा अख्खी काच थरथरवायचा. स्वयंपाक, धुणं, औषधं आणि वर या दुकानाच्या चकरा. मशीनमनचा जीव मेटाकुटीला आला. तिसऱ्यांदा तो स्क्रू ड्रायव्हर खिशात घालूनच दुकानात गेला. सात फिल्टर चालू करायला लावून एकेक त्याने हाडाने ऐकला. दुकानदार हसू दाबत बघत राहिला.

"हा नंबर एक! जरासुद्धा थरथर नाही," घरी येऊन त्याने छाती फुगवून सांगितलं.

"अगदी शांत आहे," बायको म्हणाली.

तीन आठवडे गेले. तिचे डोळे खोल गेले, हात कापायला लागले. त्याने औषधांना दोष दिला.

मग मुलगी भेटायला आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "बाबा, ही शिट्टी कसली?"

"कसली शिट्टी?"

"अहो, फिल्टर केवढा किंचाळतोय!"

त्याने स्क्रू ड्रायव्हर आणला, टेकवला, डोळे मिटले. काहीच नाही. त्याने बायकोकडे पाहिलं, तर ती भिंतीकडे बघत होती.

"तुला येते ऐकू?"

"येते."

"पहिल्या दिवसापासून?"

"तीनदा उन्हातून पायपीट केलीत. केवढ्या कौतुकाने सांगत होतात. चौथ्यांदा कुठल्या तोंडाने सांगू?"

त्याचं मन राखायला ही बाई तीन आठवडे डोक्याशी शिट्टी घेऊन पडली होती. त्याला तिचा राग आला, आणि स्वतःची त्याहून जास्त लाज वाटली. त्याने फिल्टरची वायर उपटली.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. "तू चल दुकानात. मला नाही कळायचं ते."

दुखण्यानंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली. रिक्षातून उतरून दुकानाच्या चार पायऱ्या चढायला दोघांनाही दम लागला. फिल्टर बंद, म्हणून मुलगी घरी माशांचं पाणी ढवळत थांबली होती. पुढे टाक्यांचा कलकलाट, म्हणून दुकानदाराने त्यांना मागच्या कोठीत नेलं, खोक्यांना पाठ टेकता येईल अशी खुर्ची दिली आणि एकेक फिल्टर बादलीत सोडायला सुरुवात केली.

"मावशी, हा?"

"नको. बारीक ओरडतोय."

"हा?"

"याचा टकटक आवाज येतो."

चौथा स्पंजचा होता. त्याचा हवेचा पंप भिंतीला टेकू नये म्हणून दुकानदाराने सुतळीला टांगला.

"आणि हा, मावशी?"

उत्तर आलं नाही. तिची मान खोक्यांवर कलली होती, तोंड किंचित उघडं पडून श्वास संथ चालला होता. दुकानदार पुन्हा हाक मारणार, तेवढ्यात मशीनमनने त्याचा हात धरला. आपला आवाज किती मोठा निघतो हे त्याला आता माहीत नव्हतं, म्हणून हाच हवा, हे त्याने बोटानेच सांगितलं.