चुंबकाचं टक्कल

जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याला सगळे 'चुंबक' म्हणत. गाडी बघायला गेला की मालकाच्या गोड बोलण्याकडे काणाडोळा करून हा खिशातलं छोटं लोहचुंबक दारांवरून, बॉनेटवरून हळूहळू फिरवायचा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्यावर पुट्टीचा थर, म्हणजे गाडी कुठेतरी ठोकलेली. "नवा रंग दिसला की समजायचं, खाली काहीतरी झाकलंय," असं तो म्हणायचा. हे गाड्यांपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण भाजीवाल्याचा तराजू, शेजाऱ्याचं हसू, फुकट मिळणारी कोणतीही वस्तू, सगळ्यावरून त्याचं चुंबक फिरायचं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हा गडी पाणीसुद्धा फुंकून प्यायचा.

अशा माणसानं पन्नाशी उलटल्यावर डोक्यावर केस लावून घ्यायचं ठरवलं, हेच मुळात नवल. टक्कल बापाकडून आलेलं: पुढून मागेपर्यंत मैदान साफ, दोन्ही कानांवर एकेक झुडूप आणि मागे झालर. बायकोला त्यानं सांगितलं, "गिऱ्हाइकांवर छाप पडते." बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. लोकांच्या थापा ऐकून तिचे कान तयार झाले होते.

"इतकी वर्षं टकलावर गाड्या खपवल्यात. आता कोणावर छाप पाडायचीय?"

"गिऱ्हाइकांवर म्हटलं ना."

"नाव काय त्या गिऱ्हाइकाचं?"

तो हसला. ती हसली नाही.

खरं कारण आतल्या खोलीत खिडकीशी बसून असायचं. त्याची आई. तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती, आणि एका दुपारी मुलगाच निसटला. हा जेवण घेऊन आत गेला तर ती एकदम आक्रसून बसली.

"कुठे होतात इतका वेळ?"

"आई, मी आहे."

"आज काय विकून आलात ते सांगा आधी."

ती त्याला आपला नवरा समजत होती. तो नवरा मरून जमाना झाला होता आणि आठवणीत जपून ठेवावा असा तो माणूसही नव्हता. त्यानं घरातलं घड्याळ विकलं, हिचं शिलाई मशीन विकलं, एकदा तर दारांच्या कड्या काढून विकल्या. आता त्याचं टक्कल मुलाच्या डोक्यावर बसून रोज दुपारी घरात यायचं. आई वाटीतला मऊ भात हुंगायची, "यात काय घातलंय?" म्हणायची आणि वाटी दूर सारायची. उशाशी मुलाचा कॉलेजातला फोटो होता, केसांचा हा एवढा मोठा कोंबडा. तो छातीशी धरून ती चुंबकालाच बजावायची, "याला हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

दुपारी बायको कामावर, त्यामुळे भरवायचं काम त्याचंच. भरवायला बाई ठेवू या, असं बायको म्हणाली. पण चुंबकाला पसंत पडेल अशी बाई अजून जन्माला यायची होती. त्यानं टोपी घालून पाहिली. आईनं "घरात टोपी? काय लपवलंय?" म्हणत ती ओढून काढली, खालचं टक्कल पाहिलं आणि म्हणाली, "वाटलंच मला." विगचंही तेच होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. इकडे तिचे दंड काटक्यांसारखे झाले. आपल्याला तोच माणूस समजून आई एक दिवस डोळे मिटेल, या भीतीनं त्याला स्वतःचा घास गिळवेना. पण हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं? आईनं आपल्याला ओळखावं म्हणून केस लावतोय, हे वाक्य त्याचं त्यालाच येडपट वाटायचं.

केस लावणाऱ्या पहिल्या डॉक्टरनं सांगितलं, "आधी पूर्ण डोकं भादरावं लागेल."

"का?"

"मागच्या झालरीतून एकेक मूळ काढून पुढे लावायचंय. केस बारीक असले की मुळाची दिशा दिसते, काम नीट होतं."

चुंबकानं मान डोलावली आणि मनात म्हटलं, म्हणजे आधी किती होते याचा पुरावाच साफ. उद्या चार केस उगवले तरी हा म्हणणार, बघा, कुठून कुठे आलात!

म्हणून तो दुसरीकडे गेला. तिथला डॉक्टर इतका गोड होता की चुंबक खुर्चीवर टेकायच्या आधीच सावध झाला. "भादरायची गरजच नाही. मागे आतल्या बाजूला एक पट्टी कापू, वरचे केस पडले की झाकली जाते. कोणाला कळणारही नाही." हे शेवटचं वाक्य चुंबकानं बाजारात हजारदा ऐकलं होतं. भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो होते. आधीच्या फोटोंत उजेड बरोब्बर टाळूवर, नंतरच्या फोटोंत समोरून. डॉक्टरच्या स्वतःच्या दाट केसांवरून काही फिरवता आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला फार वाटलं. शिवाय एका पट्टीतून एवढं मैदान कसं भरणार, यावर डॉक्टर नुसता हसला.

गोड बोलणाऱ्यापेक्षा तोंडावर भादरणारा बरा, असं म्हणत तो पहिल्याकडे परतला. पण तिथे नवीनच कळलं. लावलेले केस आधी गळतात, मग काही महिन्यांनी उगवू लागतात. नीट दिसायला वर्ष.

"वर्ष? मला घाई आहे."

"का, घरात लग्न आहे?"

"तसंच समजा," चुंबक म्हणाला. आईकडे वर्ष आहे की नाही, हे कोणता डॉक्टर सांगणार? आणि तोवर काय? झालर होती तोवर निदान थोडे तरी केस स्वतःचे होते. तीही गेली की आईला दिसणार तोच माणूस, आणखी उघडा. आठवडाभर तो आरशासमोर उभा राहून झालर बोटांनी चाचपत होता आणि बायको दाराआडून त्याच्याकडे बघत होती.

शेवटी त्यानं तारीख घेतली, पण भादरायचं काम डॉक्टरच्या हाती द्यायला तो तयार नव्हता. आदल्या दिवशी सगळ्या बाजूंनी डोक्याचे फोटो काढून घेतले, विकायच्या गाडीचे काढतात तसे, आणि थेट आपला न्हावी गाठला.

"झालरही काढायची? मग राहिलं काय तुमच्याकडे?"

"तू वस्तरा चालव. आणि पातं माझ्यासमोर नवं लाव."

गोटा तुळतुळीत झाला. झुडपं गेली, झालर गेली. आरशातला माणूस त्याला बापासारखाही दिसेना आणि स्वतःसारखाही. जेवणाची वेळ झाली होती. भात मऊ करून वाटी घेऊन तो आत गेला, आणि रोजच्या चौकशीसाठी मनातल्या मनात तयार झाला.

आईनं त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"कोण पाहिजे तुम्हाला?"

त्यानं वाटी पुढे केली. "कोणी नाही. जेवण घेऊन आलोय."

तिनं मान वाकडी करून त्याच्या मागे दाराकडे पाहिलं. "आमचे हे दिसले का बाहेर?"

"नाही."

"गेले वाटतं." तिचे खांदे सैल झाले. "बसा ना." तिनं वाटीतल्या भाताकडे बोट केलं. "त्यांनी हात नाही ना लावला याला?"

"नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ."

आणि तिनं तोंड उघडलं. पहिल्या घासाची थोडी शितं तिच्या मांडीवर सांडली. ती तिनं वेचून खाल्ली. इतक्यात फोन वाजला. उद्याची आठवण करून द्यायला डॉक्टरकडची मुलगी बोलत होती.

"उद्या येत नाही," तो हळूच म्हणाला.

"पुढची तारीख देऊ?"

"नको. केस नकोत मला."

फोन ठेवून वळला तर दारात बायको. नवऱ्याचं ते गिऱ्हाईक दुपारी घरी येतं की काय, हे बघायला अर्धी रजा टाकून आली होती. खांद्यावरची पिशवीसुद्धा तिनं उतरवली नव्हती. त्याचा गोटा, वाटी आणि सासूचं हलणारं तोंड, तिनं सगळं पाहिलं. मग तोंडावर हात दाबून ती तिथेच भिंतीला टेकली.

"माझा मुलगा हल्ली येत नाही," आई सांगत होती. "आमच्या यांच्या धाकानं. लहान आहे हो तो. माझ्या जेवणाची काळजी करत बसेल."

"येईल."

"तुमची गाठ पडते का त्याच्याशी?"

"पडते. रोज."

तिनं वाटी त्याच्या हातातून घेतली, बोटानं पुसून शेवटचं शीत तोंडात घातलं आणि रिकामी वाटी त्याला नीट दिसेल अशी समोर धरली.

"मग सांगा त्याला," ती म्हणाली, "आई जेवली म्हणून."