लाल रेघ अन् लेकराचं वजन

लेकराला झटके यायचे. सांगून नाय यायचे, दूध पिता पिता मूठ आवळायचं अन् डोळे वर. डॉक्टरांनी औषध दिलं, म्हणले किलोमागं इतकं द्या, वजन वाढलं की वाढवा. मी नववीतून शाळा सोडलेली, गुणाकार मला कधी जमलाच नाय. म्हणून दिरानं जुन्या लॅपटॉपवर त्याच्या कामाच्या स्काला भाषेत चार ओळींचा प्रोग्राम करून दिला अन् आमच्या हर्सूलच्या घरी, ओट्यापाशीच, मला शिकवाया बसला.

"वहिनी, आधी नाव. मग दोन टिंबं, मग जात, मग बरोबर, मग आकडा."

"इथंबी जात विचारत्यात व्हय?"

"आकडा हाय का अक्षर, ती जात हो! चुकलं तर प्रोग्राम चालायच्या आधीच लाल रेघ मारतं."

आधीच सांगतं, हे मला लई आवडलं. झटका कुठं सांगत व्हता.

पहिली ओळ त्यानंच लिहिली:

val vajan: Double = 4.5

डबल म्हंजी टिंबाचा आकडा. खाली डेफ लिहून गुणाकार; डेफ म्हंजी हिशेब कसा करायचा ते. त्यातल्या शेवटच्या ओळीत येईल तेच उत्तर, वेगळं मागायचं नाय.

पुढं अंगणवाडीत वजन करायला सासूबाई घेऊन गेल्या. आल्या अन् म्हणल्या, "तेवढंच हाय." मी तेवढंच औषध देत राहिले. अन् एक दिवस सकाळीच मूठ आवळली. परत आवळली. दीर कामावर, फोन उचलंना. मी सासूबाईंच्या पायाशी बसले, म्हणलं आत्याबाई, खरं सांगा.

"साडेपाच भरलं व्हतं," त्या हळूच म्हणल्या. "लेकराचं खरं वजन बोलू नये गं, नजर लागती."

मी पळत जाऊन लॅपटॉपवर त्या पहिल्या ओळीखाली लिहिलं, vajan = 5.5. लाल रेघ.

सासूबाई मागंच हुभ्या. "बघ! मशीनबी नगं म्हणतंय."

मला खरंच वाटलं, आपण बोलून चुकलो, आता लागली नजर. मग रेघेखाली आलेल्या इंग्रजी ओळीचं एकेक अक्षर लावून वाचलं, त्यात val व्हतं. दीर म्हणला व्हता, व्हॅल म्हंजी एकदा ठरलं ते ठरलं, बदलायचं असंल तर व्हार. मी वरच्या ओळीत val खोडून var केलं. रेघ गेली. उत्तर आलं. दवाखान्यात फोन लावला, नर्सताईंनी डॉक्टरांना विचारून त्या उत्तराएवढंच सांगितलं. म्हंजी इतके दिवस कमी पडत व्हतं, अन् रेघ नव्हती, कारण साडेचार हा बी टिंबाचाच आकडा. जात बरोबर व्हती. खोटं प्रोग्रामला कळत नाय.

औषध पाजलं. सासूबाई मीठ-मोहरी ओवाळत व्हत्या. स्क्रीनवर लाल काहीच नव्हतं, अन् त्याचंच मला भ्या वाटत व्हतं.

लेकरानं माझं बोट धरलं. घट्ट. मी श्वास धरून बघत बसले, सोडतंय का.